पदवी आधी, पद नंतर : भारतातील जीववैद्यकीय व अणुविद्युत अभियंत्यांच्या व्यवसायमार्गांचा इतिहास

प्रास्ताविक

बारावीचा निकाल लागला की महाविद्यालयाच्या करिअर मार्गदर्शन कक्षात विज्ञान शाखेचे विद्यार्थी व त्यांचे पालक येऊ लागतात. प्रस्तुत लेखक इतिहासाचा अध्यापक असला तरी या कक्षाचे काम काही वर्षे त्याच्याकडे आहे. जीववैद्यकीय अभियांत्रिकी, म्हणजे ज्या शाखेला सर्वजण बायोमेडिकल म्हणतात, तिच्याविषयी विचारणा झाली की माहितीपुस्तिकेतील ठरलेले वाक्य पुढे करावे लागे : या क्षेत्रात भरपूर वाव आहे. हे वाक्य ऐकून त्या शाखेला गेलेला एक विद्यार्थी पदवी घेऊन एका धर्मादाय रुग्णालयात नोकरीस लागला. काही काळाने तो भेटावयास आला तेव्हा त्याने आपले पगारपत्रक दाखविले. पदनामाच्या रकान्यात ‘विद्युत पर्यवेक्षक’ असे लिहिले होते. अतिदक्षता विभागातील व्हेंटिलेटर, डिफिब्रिलेटर व मॉनिटर यांची जबाबदारी त्याच्याकडे होती. परंतु आस्थापनेच्या आकृतिबंधात जीववैद्यकीय अभियंता असे पदच नव्हते, म्हणून त्याला उद्वाहन व जनित्र सांभाळणाऱ्या विभागात सामावून घेण्यात आले होते.

प्रस्तुत निबंधाचा आरंभ त्या रकान्यापासून झाला. अभियांत्रिकीच्या एखाद्या शाखेचा पदवीधर पुढे कोणत्या वाटेने जातो, हे सामान्यतः अभ्यासक्रम, गुणवत्ता व बाजारातील मागणी यांवरून ठरते असे मानले जाते. भारतातील जीववैद्यकीय व अणुविद्युत या दोन निकटच्या शाखांचा गेल्या सहा-सात दशकांचा इतिहास पाहिला असता निराळेच चित्र दिसते. कोणत्या संस्थेने, कोणत्या नियमाने आणि कोणत्या भीतीपोटी पद निर्माण केले, हा प्रश्न अधिक निर्णायक ठरल्याचे आढळते. दोन्ही शाखांचे पदवीधर जवळजवळ तीच परिपथे शिकतात, तीच संवेदके व तेच प्रवर्धक हाताळतात. तरीही त्यांच्या व्यवसायमार्गांत जे अंतर पडले ते शासकीय अधिसूचना, सेवाप्रवेश नियम व आयात धोरण यांनी पाडलेले आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अणुविद्युत शाखेची राखीव दालने

इलेक्ट्रॉनिक्ससाठी आपल्या तंत्रनिकेतनांनी ‘अणुविद्युत’ हा शब्द रूढ केला. शास्त्रीयदृष्ट्या तो काटेकोर नाही, कारण इलेक्ट्रॉन म्हणजे अणू नव्हे. तथापि भारतापुरते या शब्दात एक अनवधानाने आलेले ऐतिहासिक सत्य आहे. आपल्या देशात संशोधनाधिष्ठित इलेक्ट्रॉनिक्सचा एक महत्त्वाचा प्रवाह अणुसंशोधनाच्याच घरातून निघाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची स्थापना १९४५ मध्ये झाली, त्यानंतर १९५४ मध्ये ट्रॉम्बे (तुर्भे) येथील अणुऊर्जा आस्थापना उभी राहिली, आणि अणुभट्टीची नियंत्रणे व किरणोत्सर्ग मोजणारी उपकरणे परदेशातून आणण्याऐवजी येथेच तयार करावीत असा आग्रह होमी भाभा यांनी धरला. ए. एस. राव यांच्या नेतृत्वाखाली या उपकरणांवर काम करणारा जो गट वाढला, त्यातूनच १९६७ मध्ये हैदराबाद येथे इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया हा सार्वजनिक उपक्रम उभा राहिला.

ट्रॉम्बेचे प्रशिक्षण विद्यालय १९५७ मध्ये सुरू झाले. पदवीधराला वर्षभर शिकवावयाचे, आणि त्यानंतर त्याला त्याच आस्थापनेत वैज्ञानिक अधिकारी म्हणून घ्यावयाचे, अशी तेथील पद्धत होती. येथे शिक्षणाआधी पद ठरलेले होते, ही बाब आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. हीच गोष्ट भारत इलेक्ट्रॉनिक्स (१९५४), दूरसंचार खाते, आकाशवाणी, रेल्वेचा सिग्नल विभाग व संरक्षण प्रयोगशाळा यांच्या बाबतीतही म्हणता येते. चीनबरोबरच्या युद्धानंतर, १९६३ मध्ये, भाभा यांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमण्यात आली. तिचा अहवाल १९६६ मध्ये, भाभा यांच्या अपघाती निधनानंतर, प्रसिद्ध झाला. पुढे १९७० मध्ये केंद्रात इलेक्ट्रॉनिक्स खाते आणि १९७१ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स आयोग स्थापन झाला. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेत इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार हे चार शाखागटांपैकी एक स्वतंत्र दालन आहे. उरलेली तीन स्थापत्य, यांत्रिकी व विद्युत यांची. जीववैद्यकीय शाखेला तेथे आजही जागा नाही.

महाराष्ट्रात या शाखेचे लोण खाजगी महाविद्यालयांमुळे पसरले. वसंतदादा पाटील यांच्या मंत्रिमंडळाने १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, आणि त्याच सुमारास दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांनी (१९८२) रंगीत दूरचित्रवाणी घरोघर नेण्यास आरंभ केला होता. इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे भविष्य, ही भावना मध्यमवर्गात रुजली. परंतु पदवीधरांची संख्या वाढली तेवढ्या गतीने उपकरणनिर्मिती वाढली नाही. अंधेरीची ‘सीप्झ’ वसाहत याचा बोलका पुरावा आहे. तिची स्थापना १९७३ मध्ये झाली आणि तिच्या नावातच इलेक्ट्रॉनिक्स निर्यात हा शब्द होता. कालांतराने तेथे सॉफ्टवेअर कंपन्या आणि हिरे-दागिन्यांचे कारखाने यांचेच प्राबल्य झाले.

१९९१ नंतरचे वळण सर्वांना ज्ञात आहे, म्हणून त्याचा विस्तार येथे करीत नाही. सॉफ्टवेअर कंपन्यांनी कोणत्याही शाखेचा अभियंता चालेल अशी भूमिका घेतल्यावर अणुविद्युत पदवीधरांची मोठी संख्या संगणकासमोर जाऊन बसली. त्यांनी शिकलेली परिपथे त्यांना क्वचितच उपयोगी पडली. तथापि त्यांच्यापुढे किमान दोन दारे होती : एक जुने, शासकीय, नियमांनी बांधलेले, दुसरे नवे, बाजाराचे. जीववैद्यकीय शाखेच्या वाट्याला यांपैकी पहिले दार आलेच नाही.

प्रयोगशाळेतील आरंभ

वैद्यकीय उपकरणांचा जगाचा इतिहास अभियंत्यांचा आहे, परंतु तो जीववैद्यकीय अभियंत्यांचा नाही. मिनिॲपोलिस येथे एका गॅरेजमध्ये १९४९ साली मेडट्रॉनिक सुरू करणारे अर्ल बॅकन हे विद्युत अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते. शरीराबाहेर वागविता येईल असा बॅटरीवरील पेसमेकर त्यांनी १९५७ मध्ये तयार केला, आणि त्याला निमित्त ठरले ते शहरातील वीज जाणे. सी.टी. स्कॅनचे जनक गॉडफ्रे हाऊन्सफील्ड यांच्याकडे तर विद्यापीठाची पदवीही नव्हती. त्यांना १९७९ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तात्पर्य, ही विद्याशाखा स्थापन होण्यापूर्वीच तिचे मोठे काम इतर शाखांच्या माणसांनी करून ठेवले होते.

भारतातही असेच घडले. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागात शरीरातील रक्तप्रवाहाचा अंदाज विद्युत प्रतिबाधेवरून घेणारी उपकरणे मुंबईतील रुग्णालयांच्या सहकार्याने विकसित झाली. मुंबईच्याच ‘समीर’ या सूक्ष्मतरंग संशोधन संस्थेतील अभियंत्यांनी कर्करोगोपचारासाठी लागणारा रेखीय त्वरक देशात तयार करून दाखविला. त्याचे एक यंत्र पुढे सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत बसले. ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्टचे उपचारयंत्र खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’ संस्थेत २००५ च्या सुमारास प्रथम उभे राहिले. ही कामे करणारे अभियंते यांत्रिकी, इलेक्ट्रॉनिक्स वा सूक्ष्मतरंग या क्षेत्रांतील होते व त्यांची पदे अणुऊर्जा वा इलेक्ट्रॉनिक्स खात्याच्या आस्थापनेवर होती. वैद्यक हा त्यांच्या कामाचा विषय होता. ते त्यांच्या नोकरीचे नाव नव्हते.

जीववैद्यकीय अभियांत्रिकीला शैक्षणिक घर मिळाले ते १९७१ मध्ये, दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्था व अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था यांच्या संयुक्त केंद्राच्या रूपाने. त्याच्या संस्थापकांपैकी सुजोय कुमार गुहा यांची वाटचाल येथे मुद्दाम नोंदविण्यासारखी आहे. खरगपूरला विद्युत अभियांत्रिकी, अमेरिकेत पदव्युत्तर पदवी व शरीरक्रियाशास्त्रात विद्यावाचस्पती एवढे झाल्यावरही त्यांनी पुढे दिल्ली विद्यापीठातून एम.बी.बी.एस. पूर्ण केले. पुरुषांसाठीच्या त्यांच्या गर्भनिरोधक पद्धतीवरील संशोधनाचा आरंभ १९७० च्या दशकातला. तिच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध होण्यास २०२३ साल उजाडले. रुग्णापर्यंत पोहोचू पाहणाऱ्या अभियंत्याला अखेर स्वतःच वैद्य व्हावे लागले, असा अर्थ यातून काढण्याचा मोह होतो. तो सर्वस्वी चुकीचा नसावा.

याला एक सन्माननीय अपवाद आहे, आणि तो थोडा विस्ताराने सांगितला पाहिजे. थिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेला १९८० मध्ये संसदेच्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. तिचे संचालक डॉ. एम. एस. वलियाथन हे हृदयशल्यचिकित्सक होते, तरी त्यांनी रुग्णालयाच्या बरोबरीने जीववैद्यकीय तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग पूजप्पुरा येथील जुन्या राजवाड्यात उभा केला. जी. एस. भुवनेश्वर यांच्यासारखे अभियंते तेथे कृत्रिम हृदयझडपेवर काम करीत होते. आयात झडप सामान्य भारतीय रुग्णाच्या आवाक्याबाहेर होती, हे या कामामागील कारण. पहिल्या रचना अपयशी ठरल्या. कोठे धातूची चौकट तुटली, कोठे चकतीचे साहित्य अयोग्य निघाले. चाचण्यांसाठी बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेची मदत घेण्यात आली. अखेर कोबाल्ट-मिश्रधातूची चौकट व अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलिनची चकती असलेली झडप ६ डिसेंबर १९९० रोजी प्रथम रुग्णाच्या हृदयात बसविण्यात आली, आणि १९९५ पासून टीटीके उद्योगसमूहाने तिचे व्यापारी उत्पादन सुरू केले. आजवर एक लाखाहून अधिक झडपा रुग्णांना बसविण्यात आल्या आहेत.

चित्रा संस्थेच्या यशाचे श्रेय सामान्यतः तंत्रज्ञानाला दिले जाते. आपल्या विषयाच्या दृष्टीने तिचे वैशिष्ट्य निराळे आहे. रुग्णालयाच्याच आस्थापनेवर अभियंता व वैज्ञानिक यांची नियमित पदे, त्यांना पदोन्नतीची साखळी, आणि एकाच छत्राखाली डॉक्टर असा आकृतिबंध भारतात क्वचितच कोठे होता. अपयशी रचनांची सुमारे दहा वर्षे सोसण्यास लागणारे धैर्य कायम पदाखेरीज कोठून येणार ?

आयात, विक्री आणि दुरुस्ती

मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रात थडोमल शहानी, द्वारकादास जे. संघवी, विद्यालंकार आदी महाविद्यालयांत जीववैद्यकीय अभियांत्रिकीची पदवी सुरू झाली. पदविका स्तरावर ‘मेडिकल इलेक्ट्रॉनिक्स’ हा अभ्यासक्रम आला. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत जीववैद्यकीय अभियांत्रिकीची स्वतंत्र शाळा आधीच होती. या पदव्यांचा काळ आणि वैद्यकीय उपकरणांच्या आयातीचा काळ एकच आहे, हा योगायोग नव्हे.

या संदर्भात १ मार्च १९८८ ची सीमाशुल्क अधिसूचना क्रमांक ६४ महत्त्वाची आहे. रुग्णालयांना परदेशी उपकरणे सीमाशुल्काविना आणण्याची मुभा तिने दिली. त्यासाठी बाह्यरुग्णांपैकी किमान ४० टक्क्यांना विनामूल्य उपचार आणि दरमहा ५०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील रुग्णांसाठी १० टक्के खाटा राखीव, अशा अटी होत्या. अटींचे पालन किती झाले हा स्वतंत्र, आणि फारसा अभिमानास्पद नसलेला विषय आहे. अधिसूचना १९९४ मध्ये मागे घेण्यात आली. तिच्या अटी सतत पाळावयाच्या आहेत असे सर्वोच्च न्यायालयाने पुढे मेडिवेल रुग्णालयाच्या प्रकरणात स्पष्ट केले. तथापि मधल्या सहा वर्षांत मोठ्या शहरांतील खाजगी रुग्णालये स्कॅनर व मॉनिटर यांनी भरली होती. गरिबांसाठीच्या अटी अधिसूचनेत होत्या, परंतु ही यंत्रे कोण सांभाळणार याविषयी तिच्यात एक शब्द नव्हता.

ती पोकळी विक्रेत्यांनी भरून काढली. यंत्र आणणारी कंपनी वा तिचा वितरक हमीचा काळ संपताच वार्षिक देखभाल करार करी, आणि त्यासाठी तिला अभियंते लागत. जीववैद्यकीय पदवीधरांना पहिली ठोस नोकरी मिळाली ती येथे : ‘सर्व्हिस इंजिनिअर’ आणि ‘ॲप्लिकेशन स्पेशालिस्ट’. दुचाकीवर हत्यारांची पेटी, दिवसाला दोन-तीन रुग्णालये, आणि महिनाअखेरीस कराराच्या वसुलीचे उद्दिष्ट, असे हे जीवन होते. त्यात शिकावयास पुष्कळ मिळे हे खरे. अशा अभियंत्यांपैकी काही पुढे स्वतः उत्पादक झाले. म्हैसूरची स्कॅनरे कंपनी मोठ्या बहुराष्ट्रीय कंपनीत काम केलेल्या अभियंत्याने २००७ मध्ये स्थापन केली व २०१२ मध्ये लार्सन अँड टुब्रोचा वैद्यकीय उपकरण विभागच विकत घेतला. परंतु बहुतेकांची वाट विक्रीकडे वळली, कारण बढती व मोबदला तेथेच होता. अभियंत्याचे कौशल्य यंत्राच्या दोषनिवारणावरून कराराच्या नूतनीकरणावर मोजले जाऊ लागले.

विप्रो व जनरल इलेक्ट्रिक यांचा संयुक्त उपक्रम १९९० मध्ये बंगळूरला सुरू झाला आणि पुढे तेथे बहुराष्ट्रीय कंपन्यांची संशोधन केंद्रे आली. या केंद्रांनी अभियंते घेतले, पण निवड करताना त्यांचा कल अणुविद्युत, संगणक व यांत्रिकी या शाखांकडे राहिला. प्रतिमा-संस्करणाची आज्ञावली लिहिणाऱ्याला शरीरशास्त्र शिकविता येते, असा त्यांचा हिशेब असे. फिलिप्सने २००८ मध्ये मुंबईच्या दोन क्ष-किरण यंत्र उत्पादक कंपन्या घेतल्या आणि चाकणला उत्पादन नेले; गोव्यात वेर्णे येथे सीमेन्सचा कारखाना आहे. उत्पादनाच्या या मोजक्या जागा सोडल्यास देशाची सुमारे ७० ते ८० टक्के गरज आयातीवर भागते, हा आकडा धोरणविषयक दस्तऐवजांत सतत भेटतो. परिणामी बायोमेडिकलच्या जागा रिकाम्या राहू लागल्या, आणि मुंबई परिसरातील काही महाविद्यालयांनी ही शाखा मिटविली.

एक लहानशी नोंद येथे करावीशी वाटते. पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या ‘गेट’ परीक्षेत जीववैद्यकीय अभियांत्रिकीची स्वतंत्र प्रश्नपत्रिका २०२० मध्ये प्रथम आली. तोपर्यंत या शाखेचे पदवीधर इलेक्ट्रॉनिक्स वा उपकरणीकरण या दुसऱ्याच्या विषयात परीक्षा देत. पहिले केंद्र १९७१ चे, प्रश्नपत्रिका २०२० ची.

पद कोण निर्माण करते ?

याउलट शेजारच्याच एका व्यवसायाचा इतिहास पाहावा. कर्करोगाच्या किरणोपचारासाठी लागणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञांकरिता ट्रॉम्बे येथे १९६२ पासून रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका दिली जाते. किरणोत्सर्ग संरक्षण नियम १९७१ मध्ये आले, ते २००४ मध्ये सुधारण्यात आले, आणि १९८३ पासून अणुऊर्जा नियामक मंडळ देखरेखीस आहे. किरणोपचार विभाग चालवावयाचा तर मान्यताप्राप्त किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी असलाच पाहिजे. तो नसेल तर परवाना नाही. त्यामुळे ही पदविका घेणारा भौतिकशास्त्राचा पदवीधर संख्येने अल्प असला तरी रुग्णालयात त्याला नाव, अधिकार व वेतनश्रेणी आहे. त्याच इमारतीत पन्नास व्हेंटिलेटर सांभाळणारा अभियंता ‘विद्युत पर्यवेक्षक’ ठरतो. दोघांत विद्वत्तेचा फरक नाही. किरणोत्सर्गाच्या भीतीने कायदा घडविला. व्हेंटिलेटरविषयी तशी भीती कोणाला वाटली नाही.

भीतीचा हा संबंध अमेरिकेच्या इतिहासातही दिसतो. राल्फ नेडर यांनी १९७१ मध्ये एका महिला मासिकातील लेखात रुग्णालयांत दरवर्षी १,२०० रुग्ण विजेच्या धक्क्याने मरत असल्याचे म्हटले. हा आकडा कधीच सिद्ध झाला नाही. पण त्या चर्चेतून विद्युत सुरक्षिततेची तपासणी रुग्णालयांच्या मान्यतेशी जोडली गेली, आणि ‘क्लिनिकल इंजिनिअर’ हे पद दशकभरात तेथे रुजले. इतिहासकाराला थोडे अस्वस्थ करणारे हे उदाहरण आहे : व्यवसाय खरा, त्याची गरज खरी, आणि त्याच्या जन्माचा दाखला मात्र संशयास्पद.

आपल्याकडे भारतीय वैद्यक परिषदेच्या १९९९ च्या किमान मानकांत वैद्यकीय महाविद्यालयाला मध्यवर्ती कार्यशाळा असावी व ती अर्हताप्राप्त व्यक्तींनी चालवावी असे म्हटले होते. अर्हता कोणती, हे सांगितले नव्हते. त्या मोकळ्या जागेत आयटीआयचा वीजतंत्री बसला काय अन् अभियंता बसला काय, तपासणी पथकाच्या दृष्टीने अट पूर्णच होई. रुग्णालयांच्या गुणवत्ता मान्यतेची ‘एनएबीएच’ पद्धती २००६ पासून सुरू झाली, तेव्हा उपकरणांची नोंदवही, अंशांकन व प्रतिबंधात्मक देखभाल यांची कागदपत्रे दाखविणे भाग पडले. मोठ्या खाजगी रुग्णालयांत बायोमेडिकल विभाग उभे राहिले ते प्रामुख्याने यामुळे. मान्यता ऐच्छिक असल्याने जिल्हा व तालुका पातळीवर तिचा परिणाम अल्प राहिला. भारतीय तंत्रज्ञान संस्था मद्रास, चित्रा संस्था व वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज यांनी मिळून क्लिनिकल इंजिनिअरिंगची पदव्युत्तर पदवी सुरू केली, तीतून बाहेर पडणाऱ्यांची संख्याही मोजकीच.

सार्वजनिक रुग्णालयांची स्थिती आकड्यांत प्रथम नोंदली गेली ती राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या उपकरण-गणनेत. देशातील २९,११५ आरोग्य संस्थांत ७,५६,७५० उपकरणे आढळली. त्यांची किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये होती, आणि राज्याराज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद होती. यावर केंद्राने २०१५ मध्ये उपकरण देखभाल कार्यक्रम आणला. देखभाल खाजगी संस्थांकडे सोपवावी आणि त्यांनी जिल्हा रुग्णालयात ९५ टक्के, ग्रामीण रुग्णालयाच्या स्तरावर ९० टक्के व प्राथमिक आरोग्य केंद्रात ८० टक्के वेळ उपकरणे चालू ठेवावीत, अशी ती योजना होती. यामुळे जीववैद्यकीय पदवीधर व पदविकाधारक यांना प्रथमच तालुक्याच्या गावी काम मिळाले, हे मान्य केले पाहिजे. परंतु ते कंत्राटदाराचे नोकर होते. यंत्र खरेदी करताना, तांत्रिक निकष ठरविताना, अथवा एखादे उपकरण धोकादायक म्हणून वापरातून काढताना ज्याच्या सहीला मोल असावे असा अधिकारी या योजनेने निर्माण केला नाही. एक गंभीर प्रश्न करारात बसविला गेला, आणि करार संपतो तेथे जबाबदारीही संपते.

उपकरणांविषयीचा कायदाही हळूहळूच आला. ऑक्टोबर २००५ मध्ये स्टेंट, हृदयझडपा, अस्थिरोपणे आदी मोजक्या वस्तूंना ‘औषध’ म्हणून नियमनाखाली घेण्यात आले. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. आणि १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे कायद्याच्या व्याख्येत आली. या बदलाने एक नवी वाट उघडली. नोंदणीची कागदपत्रे, जोखीम-विश्लेषण व चाचणी-अहवाल तयार करणारे नियामक अधिकारी आता कंपन्यांना लागतात, आणि तेथे उपकरण व शरीर दोन्ही जाणणारा पदवीधर उपयोगी पडतो. पवईच्या ‘बेटिक’ केंद्रात (२०१४) डॉक्टर व अभियंते एकत्र बसवून नवी उपकरणे घडविण्याचा प्रयोग झाला, त्याला राज्य शासनाच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाचे साहाय्य मिळाले. २०२३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय वैद्यकीय उपकरण धोरण जाहीर केले. हे सर्व उत्पादनाच्या बाजूचे आहे. रुग्णशय्येच्या बाजूचा प्रश्न तेथेच राहिला.

साथीच्या काळातील दोन घटना

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालक कक्षास आग लागून १० बालके मृत्यू पावली. आगीचे मूळ विद्युत दोषात असल्याचे चौकशीतून पुढे आले. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. ही तपासणी इमारतीची होती : वायरिंग, अग्निशामके, बाहेर पडण्याचे मार्ग. नवजात बालकाला ऊब देणारे यंत्र दिवसरात्र चालते, त्यातील तापक व नियंत्रक यांची नियतकालिक तपासणी कोणी करावयाची, हा प्रश्न त्या चर्चेत मागेच राहिला.

दुसरी घटना व्हेंटिलेटरची. साथीच्या आरंभी देशात बनविलेले ५०,००० व्हेंटिलेटर पीएम केअर्स निधीतून घेण्याचे ठरले व त्यासाठी मे २०२० मध्ये २,००० कोटी रुपये देण्यात आले. त्यांपैकी ३०,००० यंत्रे भारत इलेक्ट्रॉनिक्सने स्कॅनरेच्या तंत्रज्ञानावर तयार केली. रडार व दळणवळण यंत्रणा बनविणाऱ्या कारखान्यातील अणुविद्युत अभियंते काही महिन्यांत श्वसनयंत्रे बनवू शकले, ही त्या जुन्या राखीव दालनांची मोठीच पुण्याई होय. अन्य उत्पादकांनीही यंत्रे पुरविली. मे २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या तत्कालीन औरंगाबाद खंडपीठासमोर, तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयास मिळालेल्या अशा १५० यंत्रांचा प्रश्न आला. त्यांपैकी वापरात घेतलेली ११३ यंत्रे सदोष असल्याचे रुग्णालयाच्या बाजूने सांगण्यात आले. यंत्रांत दोष नसून ती नीट हाताळली गेली नाहीत, अशी केंद्राची भूमिका होती. एकीकडे उत्पादकाचे तंत्रज्ञ, दुसरीकडे रुग्णालयाचे डॉक्टर. यंत्र तपासून अधिकाराने निर्णय देईल असा, दोहोंपैकी कोणाचाही नोकर नसलेला अभियंता या व्यवस्थेत कोठेच नेमलेला नव्हता. जूनच्या आरंभी केंद्राने न्यायालयास सांगितले की यंत्रांच्या तपासणीसाठी दिल्लीच्या राममनोहर लोहिया व सफदरजंग रुग्णालयांतून दोन वरिष्ठ डॉक्टर पाठविण्यात येतील.